आमचा पूल कळकला त्याची गोष्ट

तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात कोणी ताक ठेवलं की ताक कळकतं, हे आमच्या वयाच्या लोकांना निदान ऐकून तरी माहीत असतं. पण अख्खाच्या अख्खा स्विमिंग पूल कळकू शकतो हे मला गेल्या श्रावणात कळलं, आणि तोही दुसऱ्या कुणाचा नाही, आमच्याच अंगणातला. मिनरल सिस्टीमवरून क्लोरीनवर येताना आम्ही काय काय घोळ घातले ते सगळं लिहितेय, कारण तेव्हा आम्हाला नीट सांगणारं कुणी नव्हतं आणि पूलवाल्यांना विचारावं तर ते लगेच नवीन मशीनचं कोटेशन पाठवतात.

आधी हा पूल आला कुठून ते सांगते. सासरचं घर नाशिकच्या गंगापूर रोडने सरळ बाहेर पडून गिरणाऱ्याकडे जाताना लागतं. अप्पांचे, म्हणजे सासऱ्यांचे, गुडघे गेले, डॉक्टर म्हणाले पाण्यात चाला, तर अप्पांनी रिटायरमेंटच्या पैशातून डायरेक्ट पूलच बांधला. सासूबाई अजून म्हणतात, एवढ्या पैशात दोन्ही गुडघे नवे बसले असते. ८ बाय ४ मीटर, एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला सहा फूट, पाणी साधारण ४३ हजार लिटर, सगळं बोअरचं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशोब यावरच आहे.

सिस्टीम विकायला जो माणूस आला होता त्याने सासूबाईंना एका वाक्यात खिशात टाकलं. म्हणाला, तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपण पितो ना काकू, तसंच हे, फक्त हंडा मोठा. अप्पांसाठी वेगळं वाक्य होतं, नासाची टेक्नॉलॉजी. आता ते अगदी खोटं नव्हतं, १९६० च्या दशकात नासाने अपोलो यानातल्या पिण्याच्या पाण्यासाठी चांदीचे आयन सोडणारं छोटं यंत्र खरंच बनवलं होतं. पण अपोलोमध्ये सनस्क्रीन फासलेले आणि तोंडाला आंबा लागलेले बारा भाचे-पुतणे पाण्यात उड्या मारत नव्हते, हा मुद्दा कुणाच्या डोक्यात आला नाही.

मशीन म्हणजे काय, तर पाईपलाईनमध्ये बसवलेलं एक नळकांडं, त्यात तांबं आणि चांदी मिसळून ओतलेल्या दोन कांड्या, त्यांना बारीक डीसी करंट. कांड्या हळूहळू झिजतात आणि तांब्या-चांदीचे आयन पाण्यात उतरतात, तांबं शेवाळ मारतं, चांदी जंतू मारते. तत्त्व बरोबर आहे. पण हे काम सावकाश चालतं, आणि घाम, तेल, आणि लहान मुलं जे पाण्यात करतात आणि कबूल करत नाहीत ते, यातलं काहीही ही सिस्टीम जाळून टाकत नाही. त्यासाठी क्लोरीनसारखं काहीतरी लागतंच. आणि गंमत म्हणजे हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात, की पाण्यात ०.५ पीपीएम (म्हणजे हजार लिटरला अर्धा ग्रॅम) क्लोरीन कायम ठेवा. विकताना 'नो क्लोरीन', मॅन्युअलमध्ये 'थोडं क्लोरीन'. आम्ही ते पान तीन वर्षांनी वाचलं, दोष आमचाही आहे.

पहिली दोन वर्षं काही झालं नाही कारण पाण्यात उतरणारे अप्पा एकटेच, सकाळी अर्धा तास. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात सगळे नातेवाईक उतरले, नाशिकला एकोणचाळीस-चाळीस तापमान, पोरं सकाळी आठला पाण्यात गेली की जेवायलाच बाहेर. आठवड्यात पाणी धुवणासारखं दिसायला लागलं. त्याच सुमारास अप्पा कटिंगला गेले तर न्हाव्याने विचारलं, काका मेंदीत काय मिसळता? अप्पांचे केस पांढरेशुभ्र, मेंदी त्यांनी जन्मात लावलेली नाही. उन्हात नेऊन बघितलं तर खरंच केसांना पोपटी झाक. पुलात पोहून केस हिरवे झाले की लोक क्लोरीनला शिव्या घालतात पण आमच्या पाण्यात तर क्लोरीन औषधालाही नव्हतं, तो रंग तांब्याचाच असतो. हे मला आता माहीत आहे, तेव्हा आम्ही हसून सोडून दिलं.

कंपनीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला करंट वाढवा. वाढवला. म्हणजे अजून तांबं. जून-जुलैत पाऊस, पानं, माती, कोपऱ्यात शेवाळ धरायला लागलं, पुन्हा फोन, पुन्हा करंट वाढवा. वर नवीन कांड्यांचे १८ हजार सांगितले तेव्हा नवरा वैतागला आणि अंबडहून लिक्विड हायपोक्लोराइटचा (पातळ क्लोरीन, पुढे नुसतं हायपो म्हणते) कॅन घेऊन आला. रात्री नऊला टॉर्चच्या उजेडात पाच लिटर ओतलं, डाग लागलेला टी-शर्ट भिजत घालावा तसं. पीएच तपासला नाही, तांबं तपासलं नाही.

सकाळी सासूबाई फुलं काढायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या. पाणी गढूळ नव्हतं हो, तळ स्वच्छ दिसत होता, पण रंग म्हणजे खस सरबत. आणि टाईल्सचे सगळे सांधे, जे काल पांढरे होते, ते निळसर काळे. पायऱ्यांवर तर कुणी शाईची दौत लवंडावी तसे ओघळ. सासूबाई काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "कळकलाय गं हा. तांब्यात ताक ठेवल्यासारखा." आम्ही दोघं मोबाईलवर शोधत बसलो होतो आणि निदान त्यांचं बरोबर होतं.

मग आठ-दहा दिवस काहीच केलं नाही, कव्हर ओढून ठेवलं, कारण गणपती तोंडावर.

गणपतीला माझा दादा आला. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. दादा दर्शन घेऊन चहा पिऊन अंगणात गेला, कव्हर उचलून बघितलं आणि म्हणाला, "काय गं, पुलाला बोर्डो मारलाय का?" मी अक्षरशः कपाळावर हात मारला. द्राक्षवाल्याची मुलगी मी, मोरचूदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, निळ्या ड्रममध्ये काठी फिरवून लहानाची मोठी झाले, पावसाळ्यात डाऊनी या बुरशीसाठी बोर्डोची फवारणी झाली की वडिलांचे हात, पंप, कपडे, वाळत घातलेली गोधडीसुद्धा निळी, आणि स्वतःच्या घरच्या टाईलवरचा तोच रंग मला ओळखू आला नाही कारण त्याला मिनरल म्हणलं होतं.

दादाने जे समजावलं ते कुठल्याच पूलवाल्याने सांगितलं नव्हतं. बोर्डो मिश्रण कसं करतात, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद नुसता पाण्यात विरघळलेला असतो तोवर निळा पारदर्शक, चुना पडला की पीएच वाढतो आणि तांबं पाण्यात राहत नाही, बारीक निळा गाळ होऊन जे सापडेल त्याला चिकटतं. "आम्ही ते मुद्दाम पानावर चिकटवतो, तुम्ही टाईलवर चिकटवलं, एवढाच फरक," म्हणाला. आमच्या बोअरचं पाणी आधीच क्षारांचं, पीएच ८ च्या वर, त्यात हायपोक्लोराइट स्वतः अल्कली, म्हणजे चुन्याचं काम त्याने केलं, आणि क्लोरीनने उरलंसुरलं काळं केलं. मग त्याने विळा मागितला. बोर्डोत चुना कमी पडलाय का बघायला चकचकीत विळा बुडवतात, तांबूस थर आला तर चुना कमी. पाच मिनिटं विळा पुलात धरून बसला, काही झालं नाही, आणि सासूबाई गणपतीच्या दिवशी अंगणात विळा बघून अस्वस्थ. थर येणार नव्हताच, बोर्डोत लिटरला अडीच ग्रॅम तांबं असतं म्हणजे २५०० पीपीएम, आणि आमच्या पुलात नंतर किटने मोजलं तर ०.९ पीपीएम निघालं. ४३ हजार लिटरमध्ये मिळून ३९ ग्रॅम. देवघरातल्या पळीएवढं तांबं, आणि त्याने एवढा तमाशा केला.

आता क्लोरीन. सासूबाईंच्या मते क्लोरीन म्हणजे विष, केमिकल. मला यावर वाद घालता येईना तेव्हा दादाच म्हणाला, काकू, आम्ही टीसीएलवर वाढलो. गावाकडे विहिरीत जी पावडर कालवून टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर तेहतीस टक्के क्लोरीन. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस बादलीत पावडर कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी विहिरीत सोडायचा, आणि मग आरोग्य खात्याचे लोक येऊन नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की पास. आम्ही पोरं ते बघायला गोळा व्हायचो. त्या पाण्याचा चहा लागायचा विचित्र, पण गॅस्ट्रोच्या साथीत वाचलो तेही त्याच पाण्यावर. सासूबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, बघा बाई तुम्हाला काय करायचं ते. म्हणजे परवानगी.

काम सुरू करायला पितृपक्ष उजाडला. नवीन काम नको म्हणाल्या, मी म्हणलं हे नवीन नाहीये, जुनं निस्तरणं आहे.

पहिलं काम सोपं, आयोनायझर, म्हणजे ते मिनरलचं मशीन, बंद करून प्लंबरकडून ते नळकांडं काढून तिथे साधा पीव्हीसी पाईप जोडून घेतला. अर्ध्या तासाचं काम. कांड्या बाहेर काढल्या तर झिजून बोटाएवढ्या झाल्या होत्या आणि त्यावर पांढरा क्षारांचा थर.

मग टेस्ट किट. सुरुवातीला ओटीवालं पिवळं किट आणलं, पण ते एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातलं कामाचं मोकळं किती आणि घामाशी वगैरे जोडलं जाऊन निकामी झालेलं किती हे त्यात कळत नाही. ते कळायला डीपीडीचं किट लागतं, ते गुलाबी होतं. यात पैसे वाचवू नका, बाकी कशातही वाचवा. आमचे पहिले आकडे असे, पीएच ८.२, अल्कलिनिटी (पीएच वर धरून ठेवणारे क्षार) २२०, तांबं ०.९, क्लोरीन तोवर उडून शून्य, स्टॅबिलायझर (ते काय ते पुढे सांगते) शून्य.

दुसरं पाणी बदलणं. पूल पूर्ण रिकामा करू नका, निदान पावसाळ्यात तरी. जमिनीत पाणी भरलेलं असतं, आत वजन नसेल तर ते खालून दाब देतं, टाईल्स सुटतात, तळाला भेग जाते, प्लंबरनेच आधी बजावलं होतं. म्हणून एक तृतीयांश पाणी काढायचं, भरायचं, फिरवायचं, परत एक तृतीयांश. साधा हिशोब, ०.९ चं ०.६, ०.६ चं ०.४. ज्या दिवशी आम्ही पाणी काढलं त्याच दिवशी गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी होती, रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आलेलं, आणि मावससासूबाईंचा फोन आला तर सासूबाई त्यांना म्हणतात, आमच्याकडे पण पुलावरून पाणी सोडलंय. पलीकडे घबराट. 'पूल' या शब्दाचा हा त्रास आहे.

काढलेलं पाणी आंब्याच्या आणि नारळाच्या आळ्यात सोडलं, बोर्डोच्या मानाने ते काहीच नाही. फक्त गप्पी मासे सोडलेल्या हौदाकडे जाऊ दिलं नाही, माशांना तांबं थोडंसुद्धा सोसत नाही. भरताना शक्य तेवढं गच्चीचं पाणी घेतलं. आमची गच्ची हजार स्क्वेअर फूट, ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटर, तेही क्षार नसलेलं, फुकट. पहिल्या सरीचं घाण पाणी बाहेर सोडायचं एवढंच.

आणि इथे आमचा क्रम चुकला. ०.४ वर आल्यावर आम्ही खुश, मग डाग काढायला घेतले. आधी बघितलं डाग लोखंडाचे की तांब्याचे, त्यासाठी केमिस्टकडची व्हिटॅमिन सीची गोळी डागावर दोन मिनिटं दाबून धरायची, लोखंडाचा असेल तर फिका पडतो. नाही पडला. मग सासूबाई म्हणाल्या चिंच लावा, तांब्याच्या भांड्याला लावतो तशी. चिंच नाही पण किराणा दुकानातलं लिंबूसत्व आणलं, जुन्या मोज्यात भरून पायरीवर घासलं, आणि काय सांगू, समोर डाग विरघळताना दिसला. मग पीएच मुद्दाम ६.८ पर्यंत खाली आणून चार दिवस लिंबूसत्वाचा मोजा घेऊन सगळे सांधे घासले, पुलाचं काम बघणारे काका, मी आणि शाळेतून आल्यावर माझी लेक. जास्त जोर लावला नाही कारण ग्राउट सिमेंटचं असतं, ॲसिड तेही खातं. डाग ऐंशी टक्के गेले. पण गेले कुठे? पाण्यात. परत तांबं मोजलं तर ०.७. म्हणजे आधी डाग काढायचे आणि मग पाणी बदलायचं हे शेंबड्या पोराला कळलं असतं ते आम्हाला कळलं नाही. पुन्हा एक तृतीयांश पाणी आळ्यात.

उरलेल्या तांब्यासाठी सातपूर एमआयडीसीत कूलिंग टॉवरची केमिकल विकणाऱ्याकडून एचईडीपी म्हणून लिक्विड मिळालं. दादाच्या भाषेत चिलेटेड, जसं शेतात चिलेटेड झिंक देतात तसं, धातूला धरून ठेवतं, खाली बसू देत नाही. ते क्लोरीनने हळूहळू तुटतं म्हणून महिन्याला थोडं थोडं घालावं लागतं, आम्ही अजून घालतो. फिल्टर तीनदा बॅकवॉश केला, म्हणजे उलटं पाणी सोडून धुतला, पहिल्यांदा जे पाणी निघालं ते राखाडी हिरवं, वाळूत किती साठलं होतं देव जाणे.

ॲसिडबद्दल थांबून सांगते कारण इथे आमच्याकडे वाईट होता होता राहिलं. पीएच खाली आणायला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं. बाथरूम धुवायचं पिवळं ॲसिड वापरू नका, तो पिवळा रंग बहुतेक लोखंडाचा असतो, एक डाग काढून दुसरा कशाला लावायचा. चांगलं पांढरं आणलं. बादलीत आधी पाणी मग ॲसिड, हे काकांना सांगितलं होतं, त्यांनी पाळलंही. पण मग एकच होता. ॲसिड मोजलेला मग न धुता त्यांनी हायपोच्या कॅनला लावला. तळाला असेल चमचाभर ॲसिड, पण त्यातून पिवळट हिरवा वाफारा निघाला आणि काका खोकत खोकत पंपरूमच्या बाहेर आले, डोळे लाल, श्वास लागलेला. नशीब दार उघडं होतं. मोकळ्या हवेत बसवलं, तोंड-डोळे धुतले, तरी नवऱ्याने न ऐकता डॉक्टरकडे नेलं, संध्याकाळपर्यंत बरे होते. तेव्हापासून ॲसिड पंपरूमच्या बाहेर वेगळ्या पेटीत, हायपो आत, मग दोन, एक लाल एक निळा, आणि लाल मगाला साखळी. टीसीसीएच्या (पुलात टाकायच्या क्लोरीनच्या) गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर यांचंही तसंच, एका डब्यात, एका चमच्यानेसुद्धा नाही, ते पेट घेऊ शकतं.

मग एकदाचं क्लोरीन. हिशोब सोपा आहे, १ हजार लिटरला १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. आमच्या ४३ हजार लिटरला ४३ ग्रॅम, आणि हायपो दहा टक्के धरलं तर साधारण ४३० मिली. त्या रात्री पाच लिटर ओतलं होतं म्हणजे आम्ही जवळजवळ १२ पीपीएम एका दमात मारलं होतं! यावेळी पीएच ७.२ वर, आणि रोज संध्याकाळी अर्धा लिटर, इनलेटच्या, म्हणजे गाळलेलं पाणी पुलात परत येतं त्या तोंडाच्या, समोर पंप चालू असताना. पहिले तीन दिवस सकाळी शून्यच यायचं, कारण ते लिंबूसत्वसुद्धा क्लोरीन खातं, पुलात काय काय मेलेलं असतं तेही खातं. चौथ्या दिवशी सकाळी ट्यूबमध्ये फिकट गुलाबी रंग आला तेव्हा लेकीने ती ट्यूब घरभर फिरवून दाखवली. पीएच एवढा का जपायचा, तर क्लोरीनचं जे रूप जंतू मारतं ते ७.२ ला दोन तृतीयांश असतं आणि ८.२ ला पाचवा हिस्साही नसतं. आमच्यासारखं अल्कलिनिटीचं पाणी असेल तर पीएच आपोआप चढत राहतो, सोड्याची बाटली उघडी ठेवल्यावर गॅस जातो तसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो म्हणून, आणि पूलाला शोभेचा धबधबा असेल तर अजूनच. आमचा होता. बंद केला. सोमेश्वरचा आहे की दहा मिनिटांवर, तो बघून या.

सगळं बसलं असं वाटलं आणि ऑक्टोबर हीट सुरू झाली. सकाळी ३ पीपीएम, दुपारी चारला शून्य. सप्टेंबरात ढग होते म्हणून लक्षात आलं नव्हतं, क्लोरीन उन्हाने उडतं, अक्षरशः दोन-तीन तासात. त्याला छत्री म्हणजे सायन्युरिक ॲसिड, यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. ३० पीपीएमला आम्हाला १.३ किलो लागलं, तेही मोज्यात भरून इनलेटसमोर टांगलं, विरघळायला तीन दिवस घेतले (या प्रकरणात घरातले सगळे विजोड मोजे कामी आले). त्यानंतर दिवसाला एक-दीड पीपीएमच कमी होतं. पण हे पाण्यातून जात नाही, साठत राहतं, आणि फार साठलं तर क्लोरीनच मंद पडतं. टीसीसीएच्या गोळ्यांची भानगड हीच, सोप्या वाटतात, पण त्या गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन गेलं की त्याबरोबर ६ पीपीएम स्टॅबिलायझरही जातं, चार महिन्यांत छत्रीचा तंबू होतो. म्हणून आम्ही गोळ्या फक्त गावाला गेलो तर तरंगत्या डब्यात सोडतो, स्किमरमध्ये (पंपाकडे पाणी ओढणारा काठावरचा खड्डा) कधीच नाही कारण त्या आंबट असतात, पंप बंद असला की ते तीव्र पाणी तिथेच बसून पाईप आणि पंप खातं. अप्पांना गावाकडून स्वस्तात टीसीएल मागवायचं होतं. ती पावडर विहिरीला ठीक, पुलात चुन्याचा गाळ आणि परत पीएच वर. नको म्हणलं.

कॅन मात्र महिन्याभरापुरताच आणायचा, सावलीत ठेवायचा. एप्रिलच्या उन्हात पंपरूममध्ये राहिलेला आमचा एक कॅन जवळजवळ अर्ध्या ताकदीचा झाला होता, काका बिचारे दुप्पट ओतत होते आणि मी त्यांनाच विचारत होते की कुठे सांडता.

कामाची खात्री कशी करायची त्याची एक युक्ती फार उपयोगी पडली. रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजायचं आणि उन्हं यायच्या आधी सकाळी परत. रात्री ऊन नसतं, तेव्हा कमी झालं म्हणजे पाण्यात काहीतरी ते खातंय. एक पीपीएमपेक्षा कमी उतरलं तर पाणी स्वच्छ. दसऱ्याच्या पहाटे मी स्वेटर घालून ट्यूब घेऊन काठावर उभी, फरक ०.५. आपट्याची पानं देताना नवऱ्याला तोच आकडा सांगितला.

वासाचं म्हणाल तर आमच्याकडे वास नाहीये. लहानपणी जिथे पोहायला शिकले तिथला तो डोळ्यात जाणारा वास मी क्लोरीनचा समजायचे, तो खरं तर घाम आणि लघवीला जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे क्लोरीन कमी पडल्याचा. सासूबाईंना हे मी सांगितलं ते त्यांना आवडलं नाही, कारण त्यांना आता तक्रारीला जागा राहिली नाही. दिवाळीनंतर त्या स्वतः पाय सोडून बसायला लागल्या. अप्पांचे हिरवे केस दोन कटिंगमध्ये गेले. पायऱ्यांच्या एका कोपऱ्यात निळसर डाग अजून आहे, तो काही निघत नाही, राहू दिलाय.

त्या जुन्या कांड्या बरेच दिवस पंपरूमच्या खिडकीत पडून होत्या. परवा भंगारवाला आला तेव्हा नवऱ्याने दिल्या. त्याने वजन केलं, तांब्याचा भाव लावला. नवरा म्हणाला, अहो यात चांदी पण आहे. भंगारवाल्याने कांडी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, साहेब, सगळे असंच म्हणतात.